स्लाव्हिक भाषांतील ‘घरी’

‘घरी असणे’, ‘घरी जाणे’ आणि ‘घरून निघणे’ यांसाठी स्लाव्हिक भाषांत रूढ असलेली क्रियाविशेषणे व शब्दबंध. बहुतेकांच्या मुळाशी ‘दोम’ (घर) हा जुना शब्द आहे. संस्कृत ‘दम’ आणि लॅटिन ‘दोमुस’ हे त्याचे सगोत्र; मराठीतल्या ‘दंपती’त तोच ‘दम’ आहे.

मराठीत ‘तो घरी आहे’ आणि ‘तो घरी गेला’ ही दोन्ही कामे एकाच रूपावर भागतात. रशियनमध्ये भागत नाहीत. असण्याला ‘दोमा’, जाण्याला ‘दमोय’, निघण्याला ‘इझ दोमा’. मराठी विद्यार्थी हमखास ‘या इदू दोमा’ म्हणून जातो. हवे असते ‘या इदू दमोय’. दुसरी अडचण आघाताची. आघात पहिल्या अक्षरावर असेल तर ‘दोमा’, म्हणजे घरी. तो शेवटच्या अक्षरावर गेला की पहिला ‘ओ’ सैल पडून चक्क ‘दमा’ ऐकू येते आणि अर्थ होतो ‘घरे’. लिहिताना दोन्हींची अक्षरे तीच. ‘व दोम्ये’ हे मात्र इमारतीच्या आत असणे, मग ती कोणाची का असेना. आपल्या ‘घरी’ आणि ‘घरात’मध्ये आहे तसाच हा फरक.

चेकमध्ये ‘दोमा’, ‘दोमू’ (घराकडे) आणि ‘झ दोमोवा’ (घरून). चेकमध्ये ‘दोमोव’ हे आपले घर, मायभूमी या अर्थाचे नाम आहे. राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळीतही ते येते. स्लोव्हाक व स्लोव्हेनमध्ये मात्र ‘दोमोव’ म्हणजे ‘घराकडे’. या भाषा आलटूनपालटून बोलणाऱ्याची इथे गल्लत होते. युक्रेनियनमध्ये ‘व्दोमा’ आणि ‘दोदोमु’.

पोलिश प्रमाणभाषेत असे सुटे क्रियाविशेषण वापरत नाहीत: ‘व दोमु’, ‘दो दोमु’, ‘झ दोमु’. नामाचे रूप तिन्हीकडे तेच राहते, त्यामुळे सगळा अर्थ आधीच्या शब्दयोगीवर; तो गिळला तर काही कळत नाही.

दक्षिणेकडे ‘दोम’ला ‘कुचा’ हा प्रतिस्पर्धी भेटतो. सर्बियनमध्ये ‘कोद कुचे’ (घरी) आणि ‘कुची’ (घराकडे), पण बोलताना ‘कुची साम’, म्हणजे ‘घरी आहे’, असेही सर्रास म्हणतात. क्रोएशियन बोलीत ‘दोमा’ दोन्ही अर्थांनी चालते, मॅसिडोनियनमध्येही. बल्गेरियनचे ‘फ्कश्ती’ तसेच. त्या भाषेत नामांच्या विभक्ती जवळजवळ गळून गेल्या आहेत आणि एखाद्या शहरात असणे व तिथे जाणे यांनाही एकच शब्दयोगी लागतो.