पटाशी की छिन्नी? ऑस्टिओटोम आणि चिझल

ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मला जेमतेम महिना झाला होता. सरांनी हात पुढे करून "ऑस्टिओटोम" म्हटलं आणि मी चिझल दिली. ते काही बोलले नाहीत. दिव्याखाली ती आडवी धरली, धारेकडे एकदा पाहिलं आणि ट्रॉलीवर परत ठेवली. माझीही फार चूक नव्हती म्हणा. ट्रेमध्ये हाड कापायची ही दोन्ही हत्यारं शेजारी-शेजारी असतात. तीच स्टीलची दांडी, मॅलेटचे, म्हणजे ठोकायच्या हातोडीचे घाव खाऊन कडा चेपलेला तोच माथा, रुंदीही तेवढीच. समोरून बघून कुणालाच ओळखता येणार नाही. बघायचं कडेने.

कडेने पाहिलं की चिझलला एकाच बाजूने उतार दिसतो. दुसरी बाजू टोकापर्यंत सपाट. ऑस्टिओटोमला दोन्ही बाजूंनी उतार आणि धार बरोबर मधोमध. सुताराची पटाशी आठवा, ती झाली चिझल. लोखंड तोडायची छिन्नी आठवा, तो ऑस्टिओटोमचा आकार. आपण मराठीत दोघींनाही 'छिन्नी' म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

एवढ्याशा उताराने काय बिघडतं? बरंच. एकाच बाजूला उतार असला की ठोकताना हाड त्या उताराला रेटतं आणि हत्यार सपाट बाजूकडे सरकत जातं. पटाशीने खाच पाडताना ती रेघेच्या पलीकडे जाते, सुतार पहिले घाव रेघेपासून जरा आत घालतो, ते याचसाठी. ऑस्टिओटोमवर दोन्हीकडून सारखाच रेटा येतो, त्यामुळे तो धरला त्या दिशेने सरळ आत जातो. हाड आरपार छेदायचं असेल, तर हेच हवं.

म्हणून कामं वेगळी. हाडावरचा उंचवटा तासायचा, पातळ पापुद्रा काढायचा तर चिझल. उतार काढून टाकायच्या हाडाकडे आणि सपाट बाजू राखायच्या हाडाकडे ठेवायची. हाड दुभंगायचं, वाकडा पाय सरळ करायचा तर ऑस्टिओटोम. गुडघ्याखाली नडगीचं हाड आतल्या बाजूने कापून उघडतात, त्या ऑपरेशनमध्ये तर पातळ ऑस्टिओटोम एकावर एक सरकवत फट हळूहळू रुंद करतात. घाई केली तर पलीकडची शाबूत ठेवलेली बाजूच तडकते. पुढे मॅलेटचा आवाज बदलला की सर थांबतात. कान तयार व्हायला मला वर्ष लागलं.

आता नाव. ग्रीकमध्ये 'ऑस्टिओन' म्हणजे हाड, 'टोम'चा संबंध कापण्याशी. शेवटी 'टोम' आलं तर हत्यार, 'टोमी' आलं तर ऑपरेशन. डिस्चार्ज कार्डावर 'ऑस्टिओटोमी' वाचून नातेवाईक विचारतात, "ते हत्यार आत राहिलंय का?" नाही हो, ते केलेल्या कामाचं नाव आहे.

गंमत म्हणजे १८३० च्या सुमारास जर्मनीत व्युर्त्सबुर्गच्या बर्नहार्ड हायने यांनी 'ऑस्टिओटोम' म्हणून जे बनवलं, ती हाताने फिरवायची साखळीची करवत होती. म्हणजे नाव तेच आणि वस्तू भलतीच. आजच्या आकाराचं हत्यार रुळलं ते ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूएन यांच्या कामातून. मुडदुसाने गुडघे एकमेकांवर घासणाऱ्या मुलांचे पाय ते मांडीचं हाड छेदून सरळ करत. ऑस्टिओटोमीवरचं त्यांचं पुस्तक १८८० चं.

आणि दातांच्या दवाखान्यात हाच शब्द आणखी तिसऱ्याच अर्थाने येतो. कृत्रिम दातासाठी इम्प्लांट बसवताना वरच्या जबड्यातलं मऊ हाड बाजूला दाबून घट्ट करायला गोल दांडीचे ऑस्टिओटोम वापरतात. त्यांना पात्यासारखी धार नसते, हाड छेदण्यापेक्षा ते दाबायचंच काम जास्त. तेव्हा स्टोअरकडून मागणीच्या चिठ्ठीवर नुसतं 'ऑस्टिओटोम सेट' लिहून आलं, तर मी आधी फोन करून विचारते: ऑर्थोला हवाय की डेंटलला?