सेंट ल्यूक्स चर्च, स्मिथफील्ड

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, आइल ऑफ वाइट परगण्यातील स्मिथफील्ड गावाबाहेर सुमारे ६ किमी.वर असलेले सतराव्या शतकातील विटांचे चर्च. मूळचे हे न्यूपोर्ट पॅरिशचे, म्हणजे एका पाद्र्याच्या हद्दीतील धर्मविभागाचे, चर्च. परिसरात ते ‘जुने विटांचे चर्च’ म्हणूनच ओळखले जाई. सेंट ल्यूकचे नाव एकोणिसाव्या शतकात चिकटले.

इमारत एका लांबट दालनाची असून पश्चिमेला चौकोनी मनोरा आहे. भिंतींना बाहेरून विटांचे टेकूखांब दिले आहेत, दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत आणि खिडक्यांचे दुभाजकही विटांचेच. विटांची रचना फ्लेमिश बाँडची, म्हणजे एकाच थरात एक वीट लांबीने, पुढची रुंदीने, अशी आलटूनपालटून. मनोऱ्याचा सर्वांत वरचा मजला मागाहून चढवलेला आहे.

बांधकामाच्या सालाचा वाद जुना आहे. १८८७ च्या वादळात छत कोसळले, तेव्हा ढिगाऱ्यात सापडलेल्या एका विटेवर १६३२ हा आकडा वाचला गेला आणि ‘१६३२ चे चर्च’ ही ख्याती पक्की झाली. पण वीट भाजण्यापूर्वी ओल्या मातीत कोरलेला आकडासुद्धा फार तर विटेचे वय सांगतो. ती भिंतीत जागेवर न मिळता ढिगाऱ्यात मिळाली, तर इमारतीबद्दल तिची साक्ष लंगडीच. शिवाय पुसट ३ आणि ८ यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. विल्यम्सबर्गच्या ब्रूटन पॅरिशचे १६८३ मध्ये पुरे झालेले चर्चही असेच टेकूखांबांचे होते. आज बहुतेक अभ्यासक १६८० च्या दशकाकडे झुकतात, ते या बांधणीमुळे. पॅरिशचे सर्वांत जुने दप्तर हाती असते तर वाद मिटला असता. पण स्वातंत्र्ययुद्धात ते ब्रिटिश फौजेच्या भीतीने पेटीत घालून पुरले आणि ओल लागून त्याचा भुगा झाला, असे सांगतात. १७२४ ते १७७२ ची वही तेवढी उरली आहे.

वसाहतकाळात येथे चर्च ऑफ इंग्लंड हा राजमान्य पंथ होता. कारभार ‘व्हेस्ट्री’ ही स्थानिक जमीनदारांची मंडळी पाही आणि खर्च करातून, तंबाखूच्या रूपाने वसूल होई. १६९६ च्या कायद्याने पाद्र्याला वर्षाला १६,००० पौंड तंबाखू ठरला. वजन सर्वत्र सारखे, भाव मात्र प्रतीनुसार. त्यामुळे हलका ‘ओरोनोको’ तंबाखू पिकणाऱ्या पॅरिशना पाद्री मिळवताना नाकी नऊ येत. दुसरी अडचण बिशपची. अमेरिकेत एकही बिशप नसल्याने दृढीकरणाचा (बाप्तिस्मा झालेल्याचे सदस्यत्व पक्के करण्याचा) विधी होत नसे आणि पाद्रीपदाच्या दीक्षेसाठी उमेदवाराला लंडन गाठावे लागे. (मुंबईच्या १७१८ च्या सेंट थॉमस चर्चचीही १८१४ मध्ये कलकत्त्याला बिशप येईपर्यंत हीच गत होती.)

क्रांतीनंतर हा डोलारा कोसळला. १७७६ मध्ये पाद्र्यांचे सरकारी वेतन थांबले, १७८६ च्या कायद्याने धर्मस्वातंत्र्य आले आणि १८०२ पासून पॅरिशच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली. दरम्यान १७८९ मध्ये इंग्लंडच्या राजापासून मुक्त, पण बिशपांची परंपरा राखणारे एपिस्कोपल चर्च देशपातळीवर उभे राहिले. नावाचा अर्थच ‘बिशपांच्या व्यवस्थेचे’. करही नाही आणि जमीनही नाही, तेव्हा आडरानातले हे चर्च तगणे कठीणच होते. १८३० च्या दशकात उपासना स्मिथफील्ड गावातील नव्या चर्चमध्ये गेली आणि ही वास्तू ओस पडली.

निगा नसलेल्या अशा इमारतीत कौले किंवा फळ्या सरकल्या की पाणी थेट तुळयांच्या टोकांवर उतरते. टोके ओल्या विटांत कुजली की कैचीची (छत पेलणाऱ्या तिकोनी लाकडी सांगाड्याची) पकड सुटते, छताचा रेटा भिंतींवर येतो आणि मग एक वादळ पुरते. १८९० च्या दशकात लोकवर्गणीतून दुरुस्ती होऊन रंगीत काचा बसल्या. १९५० च्या दशकात पायाला तडे आढळले, तेव्हा पाया सावरण्याबरोबर आतली सजावटही सतराव्या शतकाच्या धर्तीवर नव्याने केली. हन्स्टँटन हॉल या इंग्लंडमधील वाड्यातला सतराव्या शतकातील छोटा ऑर्गनही तेव्हाच आणला गेला.

१९६० मध्ये हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले; आज ते संग्रहालय म्हणून पाहता येते. आतला लाकडी पडदा, तिमजली व्यासपीठ आणि उंच पाठीची बाके जुनी वाटली तरी १९५० च्या दशकातल्या दुरुस्तीतली आहेत. जुने काम पाहायचे तर बाहेरच्या भिंती पाहाव्यात.