एक ‘ट्रॅप’ पायऱ्यांचा, दुसरा सापळ्याचा : भ्रंश आणि तेलाची पार्श्वभूमी

कसारा घाट चढताना समोरच्या कड्यांवर आडवे थर जिन्यासारखे रचलेले दिसतात. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात. त्यावरून आपल्या काळ्या कातळाला ‘डेक्कन ट्रॅप’ नाव पडले. तेलाच्या शास्त्रातला ‘ट्रॅप’ म्हणजे मात्र सापळा, जमिनीखाली तेल अडकून साठते ती जागा. नाशिकमध्ये हा घोळ नेहमीचा आहे : ‘आपण ट्रॅपवरच बसलोय, मग तेल का निघत नाही?’ मराठीत दोन्हीकडे ‘ट्रॅप’च लिहिण्याची सवय मला चुकीची वाटते. इकडे दख्खनचा कातळ, तिकडे तेलसापळा असे लिहिले की निम्मा गोंधळ मिटतो. ‘भ्रंश’ शब्दाचेही तसेच. विहिरीला पाणी देणारी प्रत्येक भेग भ्रंश नसते. भेगेच्या दोन बाजूंचे थर भेगेलगत एकमेकांच्या तुलनेत सरकले असतील, तरच तो भ्रंश.

तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते सच्छिद्र वालुकाश्मातून वर सरकत राहते. भ्रंशामुळे त्या वालुकाश्मासमोर शेलचा, म्हणजे चिखल दबून झालेल्या खडकाचा, घट्ट थर येऊन बसला, तर वाट बंद होते. सरकताना चिकणमाती भेगेत लिंपली गेली किंवा खडक दळून त्याचे पीठ झाले, तरी बूच बसते. पण समोर पुन्हा वालुकाश्मच आला आणि असे बूच बसले नाही, तर तेल पलीकडे निघून जाते. भ्रंश नव्याने हलला तर त्याच भेगेतून ते वर गळते. म्हणून ‘भ्रंश सापडला, तेल सापडले’ हे खरे नाही.

एकोणिसाव्या शतकात तेलाचा शोध घेणाऱ्यांचा भर खडकाच्या घडीच्या, म्हणजे कमानीसारख्या वाकलेल्या थरांच्या, माथ्यावर होता. भ्रंशाला महत्त्व आले ते नंतर. आपल्या बाजूची खरी गोष्ट १९५८ पासूनची : खंभातजवळ लुणेज येथे तेल लागले, १९६० मध्ये अंकलेश्वरला. खंभातचे खोरे ही दोन्ही कडांना भ्रंश असलेली खचदरी. आपल्या ब्रह्मगिरीवर जो कातळ उन्हात तापतो, तोच तिथे खचून खोऱ्याचा तळ झाला आहे. त्याच्यावर साचलेल्या शेलमध्ये तेल तयार झाले. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सापडलेल्या मोठ्या तेलक्षेत्रातही मुख्य रचना घडीची, आणि तिची पूर्वेची बाजू भ्रंशाने तुटलेली.

बडोद्याजवळ पाद्र्याला तर तेल थेट काळ्या कातळाच्या भेगांतून मिळते. नाशिकच्या चर्चेत हे उदाहरण हटकून पुढे येते, पण अर्धेच सांगितले जाते. ते तेल कातळात तयार झालेले नाही. लाव्हारसाच्या खडकात तेल बनवणारा सेंद्रिय गाळच नसतो. भेगांनी फक्त जागा दिली, तेल आले शेलमधून.

मग प्रश्न उरतो कातळाखालचा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत केलेल्या खोल छिद्रात सुमारे ३४० मीटरवर कातळ संपला आणि गाळाच्या जेमतेम काही मीटरच्या थरानंतर प्राचीन स्फटिकी खडक लागला. कोयनेच्या छिद्रांत तर कातळाखाली थेट स्फटिकी खडकच लागला. आपल्या उत्तरेला नर्मदा-तापीच्या पट्ट्यात मात्र भूभौतिक पाहणीत कातळाखाली गाळाच्या खडकांच्या खुणा मिळाल्या आहेत. तिथे अडचण कातळाचीच आहे : वरचा बसाल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, पाहणीसाठी जमिनीत सोडलेल्या कंपनलहरी विखुरतो, त्यामुळे खालच्या गाळातला भ्रंश कुठे आहे, किती सरकला आहे आणि त्याच्यासमोर नेमका कोणता थर आला आहे, हे जमिनीवरून स्पष्ट वाचता येत नाही.