रिकाम्या खाटेचा खर्च

रुग्णालयाच्या ताळेबंदात रिकामी खाट म्हणजे तोटा. तातडीच्या उपचारांत मात्र खाट रिकामी ठेवणं हेच काम असतं. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा राहिला म्हणून त्याला कुणी आळशी म्हणत नाही. या उभं राहण्याला पैसे किती लागतात, आणि रुग्णालय मोठं केलं की ते कमी होतात का, हे पाहण्यासारखं आहे.

आधी माणसं. आठवड्यात १६८ तास असतात. कॅज्युअल्टीत कायम एक डॉक्टर हवा असेल, तर प्रत्येकी ४८ तासांच्या ड्युटीने साडेतीन डॉक्टर लागतात. रजा, आजारपण, नाइटनंतरची सुट्टी धरली की पाच. एका खुर्चीमागे पाच पगार! भूलतज्ज्ञ, सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ, रक्तपेढी, सगळीकडे हाच गुणाकार. रात्रीत दोन रुग्ण आले काय नि वीस आले काय, हा खर्च हलत नाही.

खाटांचं गणित याहून मजेशीर आहे. समजा, एका विभागात सरासरी ४ रुग्ण असतात आणि ते एकमेकांशी संबंध नसताना कधीही येतात. अशा वेळी चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाएवढा होतो, म्हणजे २. बहुतेक दिवशी येणाऱ्याला जागा मिळावी असं वाटत असेल, तर या चढउताराच्या दुप्पट खाटा जादा ठेवाव्या लागतात. म्हणजे एकूण ८, आणि त्यातल्या सरासरी निम्म्या रिकाम्या. आता सरासरी १०० रुग्णांचा विभाग घ्या. वर्गमूळ १०, जादा खाटा २०, एकूण १२०. इथे सहांतली एकच रिकामी राहते, आणि ‘बेड नाही’ म्हणायची वेळ दोन्हीकडे जवळपास सारखीच क्वचित येते. लहान रुग्णालयाचा व्यवस्थापक कितीही हुशार असो, ही तफावत त्याच्या हातातली नाही. (घाटात बस कोसळली की रुग्ण एकदम येतात आणि हे गणितही कोसळतं. तेव्हा मोठं रुग्णालयही तोकडं पडतं.)

पण मोठ्या रुग्णालयाचा हा फायदा काटकसरीच्या नावाखाली लवकरच खाल्ला जातो. सहांतली एक खाट रिकामी? मग तीही भरा! इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये तातडीच्या रुग्णांचं संगणकीय प्रारूप मांडलं होतं. खाटा सरासरी ८५ टक्क्यांवर भरल्या की धोका दिसू लागतो, ९० टक्क्यांवर गेल्या की तुटवडा नेहमीचाच होतो, असं त्यातून निघालं.

या सगळ्याचा मोठा प्रयोग लंडनमध्ये झाला. पक्षाघाताच्या रुग्णांवर तिथली तिसेक रुग्णालयं उपचार करत. २०१० मध्ये पहिल्या काही दिवसांचे उपचार फक्त आठ केंद्रांत आणले गेले: चेअरिंग क्रॉस, किंग्ज कॉलेज, रॉयल लंडन वगैरे. पक्षाघातात मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. अशा वेळी दारातलं रुग्णालय टाळून पुढे जायचं, हे कुणालाही वेडेपणाचं वाटेल. हिशोब असा होता की रुग्णवाहिकेत दहा-पंधरा मिनिटं जास्त गेली, तरी पोहोचल्याबरोबर स्कॅन झालं आणि रात्री तीन वाजताही तज्ज्ञ जागेवर असला, तर एकूण वेळ वाचतो. शहरात कुठूनही अर्ध्या तासात केंद्र गाठता यावं, अशी आखणी केली गेली.

देशाच्या इतर भागांशी तुलना करता लंडनमध्ये वर्षाला सुमारे ९६ मृत्यू टळले. रुग्णालयातला मुक्कामही सरासरी १.४ दिवसांनी घटला, आणि दुसऱ्या एका अभ्यासानुसार दर रुग्णामागे पहिल्या ९० दिवसांत सुमारे ८११ पौंड वाचले. मँचेस्टरनेही त्याच सुमारास तीन केंद्रं केली. पण तिथे झटका येऊन चार तासांहून कमी वेळ झालेल्यांनाच केंद्रात नेत, बाकीचे पूर्वीसारखेच जवळच्या रुग्णालयात. मुक्काम घटला, मृत्यूंमध्ये मात्र इतर भागांपेक्षा ठोस फरक दिसला नाही. मला लंडनच्या यशापेक्षा हा भाग जास्त शिकवणारा वाटतो. रुग्णवाहिकेच्या चालकाला दिलेला नियमच अर्धा राहिला, तर मोठी केंद्रं काय करणार? २०१५ मध्ये मँचेस्टरने तो बदलला.

दुसरी बाजू शेफील्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडली. जिवावर बेतलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रुग्णालय दर १० किलोमीटर लांब गेलं की मृत्यूचं प्रमाण साधारण एक टक्का-बिंदूने (म्हणजे शंभर रुग्णांमागे आणखी एक मृत्यू) वाढत होतं, आणि श्वासाचा त्रास असलेल्यांत ही वाढ जास्त होती. लंडनचा नकाशा जिथे पुढचं गाव तासाभरावर आहे तिथे लावला, तर गणित उलटं बसेल. त्यात अंतराचा खर्च रुग्णालयाच्या वहीत येतच नाही. डिझेल रुग्णवाहिकेच्या खात्यात, भाडं आणि बुडालेला रोज नातेवाइकांच्या खिशातून. त्यामुळे ‘विलीनीकरणातून बचत’ असा आकडा दिसला की ती कुणाच्या वहीतली, हे आधी बघावं.

म्हणून आजारागणिक निवाडा वेगळा होतो. हृदयविकारात तर एकाच आजाराचे दोन तुकडे करता येतात. गोव्यात ठिकठिकाणच्या लहान सरकारी रुग्णालयांत ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात आणि मग रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला अँजिओप्लास्टीसाठी जातो. कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, आणि तिच्यामागचे पाच-पाच पगार एकाच जागी राहतात. गावोगाव ठेवायचं ते ईसीजीचं यंत्र, इंजेक्शनची कुपी आणि ते द्यायला शिकलेला डॉक्टर.