पूर, वीज, घरपडझड: सरकारी मदतीसाठीचे कागद पावसाआधीच लावून ठेवा (जळगाव, धुळे, नंदुरबार)

मे-जूनचा वादळी वारा रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करतो. निंदणी-कोळपणीच्या दिवसांत वीज पडून माणसं आणि बैल दगावतात. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठची गावं रात्रभर जागी असतात, आणि सातपुड्यातले नाले तर निरोप देऊन येत नाहीत. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगाव शहरात शिरलं, तेव्हा दुकानं आणि घरं सोबतच बुडाली.

अशा प्रत्येक घटनेनंतर सरकारी मदत असते. ती कुणाला लवकर मिळेल आणि कुणाची अडकेल, हे मात्र बरंचसं दोन गोष्टींवर ठरतं: कागद आधीपासून नीट आहेत का, आणि पहिल्या दिवशी घरच्यांनी काय केलं.

मदत कशाकशासाठी मिळते

पूर, गारपीट, चक्रीवादळ, ढगफुटी, आग, दुष्काळ या आपत्ती केंद्राच्या यादीत आहेत. अवेळी पाऊस, अतिवृष्टी आणि वीज पडणं यांसाठी राज्य सरकारही मदत देतं. अतिवृष्टी म्हणजे तुमच्या महसूल मंडळात (काही गावांचा मिळून केलेला महसुली गट) 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस. गावात किती पडला यापेक्षा मंडळाच्या पर्जन्यमापकावर किती नोंदला गेला, ते पाहिलं जातं.

2022 ते 2026 या काळासाठी ठरलेले दर असे आहेत. मृत्यू झाल्यास वारसांना 4 लाख रुपये. 60 टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व आल्यास अडीच लाख, 40 ते 60 टक्के असल्यास 74 हजार. दुधाची गाय किंवा म्हैस दगावल्यास 37,500, बैल 32 हजार, शेळी-मेंढी 4 हजार. पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाटीच्या भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. पिकासाठी नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त हवं. कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17 हजार, बहुवार्षिक पिकाला 22,500, तेही 2 हेक्टरपर्यंत. राज्य सरकार एखाद्या वर्षी वेगळा शासन निर्णय काढून जास्तीची मदत देतं, म्हणून चालू वर्षाचा दर तहसीलमध्ये विचारून घ्या.

माणूस गेला तर

हे लिहिताना जीव जड होतो, पण सांगायलाच हवं. वीज पडून किंवा पुरात वाहून कुणी गेलं तर घाईनं अंत्यविधी करू नका. आधी पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्याला कळवा. अकस्मात मृत्यूची नोंद होऊ द्या आणि ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन करून घ्या. मृत्यू आपत्तीनंच झाला, असं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय 4 लाखांचं प्रकरण मंजूर होत नाही. दुःखात बुडालेल्या घरानं हे सगळं लक्षात ठेवावं ही अपेक्षा कठीण आहे. म्हणूनच गावातल्या दोन-चार जाणत्या माणसांना ते आधीपासून माहीत असलं पाहिजे.

प्रकरणाला लागतं ते हे: मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, पोलीस पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, वारसांचा जबाब, आधार, रेशनकार्ड आणि वारसाच्या बँक पासबुकाची प्रत. पासबुकापाशी आपल्याकडे हमखास गाडी अडते. घरातल्या बाईचं स्वतःचं खातं नसतं, किंवा वापर नसल्यानं ते बंद पडलेलं असतं. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. बँकेत जाऊन तिचं खातं चालू आहे का आणि आधारशी जोडलेलं आहे का, हे आत्ताच बघा.

ऊसतोडीला किंवा मजुरीला गेलेल्या पावरा-भिल्ल कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं: घटना जिथे घडली, पंचनामा तिथलाच होतो. तिथल्या तहसीलमधून आणि पोलिसांकडून कागदांच्या प्रती घेतल्याशिवाय गावाकडे निघू नका.

साप चावून शेतकरी गेला तर वाट वेगळी आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली आणखी एक व्यक्ती यात बसते. वय 10 ते 75. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. सातबारा, गाव नमुना सहा-क (तलाठ्याकडची वारसांची नोंदवही) मधली वारस नोंद आणि वयाचा पुरावा सोबत जोडायचा. ज्याच्या घरात कुणाच्याच नावावर जमीन नाही, तो शेतमजूर या योजनेत येत नाही, आणि हे मला अन्यायाचंच वाटतं. साप चावला की भगताकडे वेळ न घालवता 108 ला फोन करा. जीव वाचतो तो दवाखान्यातच.

धाब्याचं घर

आपल्याकडच्या जुन्या गावठाणात अजून धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं आहेत. चार दिवस झड लागली की छताची माती पाणी पिते, सागाचे सरे (छताची लाकडं) वाकतात, आणि एखाद्या रात्री भिंतीसकट धाबं खाली येतं. माती खाली गळू लागली, भिंतीला नवी चीर दिसली, तर त्या रात्री त्या खोलीत झोपू नका.

घर पडलं तर ढिगारा उपसण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. एका फोटोत घर क्रमांकाची पाटी येऊ द्या. मग तलाठी आणि ग्रामसेवकांना कळवा (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच). पंचनाम्यासाठी पैसे द्यायचे नसतात.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. दोन शब्दांवर सगळं अवलंबून असतं: ‘पूर्णतः’ आणि ‘अंशतः’. पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला लाखाच्या वर मदत आहे; अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4 हजार, तेही किमान 15 टक्के पडझड असेल तर. चारपैकी तीन भिंती गेल्या आणि कागदावर ‘अंशतः’ लिहिलं असेल, तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा. झोपडीला 8 हजार आणि गोठ्याला 3 हजार आहेत, त्यामुळे गोठ्याची नोंद विसरू नका.

घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा. तो अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसांची नावं पावसाळ्याआधी लावून घ्या. आपत्तीनंतर हे काम सुरू केलं की भाऊबंदकीचा प्रश्न मधे येतो.

जनावरं आणि पीक

दगावलेलं जनावर पुरण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. त्यासाठी 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करता येतो. कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर भरपाईचं प्रकरण अडतं, म्हणून गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला तो आधीच मारून घ्या.

पिकासाठी सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणी (मोबाईलवरून केलेली पिकाची नोंद) आणि शेतकरी ओळख क्रमांक तपासा. जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं.

यादीत नाव आलं नाही तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. पंचनाम्याची प्रत जोडा. ती मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. खोटी माहिती देऊन मदत उचलली तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 52 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

सगळ्या कागदांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घालून उंच कोनाड्यात ठेवा, फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि एक संच परगावच्या नातेवाइकाला पाठवा. विजेची पूर्वसूचना देणारं ‘दामिनी’ ॲप घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. तो दारामागे खडूनं मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे घरात एकटं असलेलं पोरही फोन करू शकेल.