दाबनाश व वैमानिकाची ऑक्सिजनन्यूनता (लहान विमानांतील)

उंचावर उडणाऱ्या दाबयुक्त विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब निसटला, किंवा उड्डाणानंतर तो मुळात चढलाच नाही, तर वैमानिकाच्या रक्तातील ऑक्सिजन घटून आधी निर्णयशक्ती व नंतर शुद्ध हरपते. लहान टर्बोप्रॉप, पिस्टन व जेट विमानांत पुष्कळदा एकच वैमानिक असतो. तो निकामी झाला की स्वयंचलित चालक इंधन संपेपर्यंत विमान सरळ नेत राहतो.

शरीरक्रिया व जुना वाद : ऑक्सिजनचे प्रमाण कोणत्याही उड्डाण-उंचीवर सुमारे २१ टक्केच असते, कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीवरील ७६० मिमी. पाऱ्याइतका दाब १८,००० फुटांवर निम्मा होतो. फुप्फुसांतील पाण्याच्या वाफेचा दाब (४७ मिमी.) मात्र उंचीबरोबर घटत नाही, त्यामुळे ऑक्सिजनच्या वाट्याला त्याहूनही कमी उरते.

या विकाराची पहिली तपशीलवार वर्णने बलूनवीरांची आहेत. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमध्ये जेम्स ग्लेशर बेशुद्ध पडले. हात थंडीने निकामी झालेल्या हेन्री कॉक्सवेल यांनी झडपेची दोरी दातांनी ओढून बलून खाली आणला. गाठलेली उंची ग्लेशर यांनी ३७,००० फूट मानली, पण ती बेशुद्धीच्या काळातली असल्याने अनुमानावर बेतलेली आहे. शेवटचे प्रत्यक्ष वाचन २९,००० फुटांच्या आसपासचे होते व नंतरच्या अभ्यासकांचा कल त्याच्या जवळपासच्या आकड्याकडे दिसतो. १५ एप्रिल १८७५ च्या ‘झेनिथ’ बलूनच्या फेरीत क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल मरण पावले, तिसांदिए वाचले. ऑक्सिजनच्या पिशव्या बरोबर होत्या, पण गरज पडली तेव्हा त्या तोंडाशी नेण्याचे बळ उरले नव्हते. आजच्या अपघातांचे मर्म याच नोंदीत आहे.

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ पर्यंत कारण ऑक्सिजनच्या घटलेल्या दाबात असल्याचे दाखवले. इटलीतील आंजेलो मोस्सो यांनी मात्र रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी होण्यावर भर दिला. बेर यांचेच मत टिकले. तरी मोस्सोंचे निरीक्षण सर्वस्वी टाकाऊ नाही. जलद श्वसनाने कार्बन डाय-ऑक्साइड घटतो आणि बोटांना मुंग्या, चक्कर ही ऑक्सिजनन्यूनतेसारखीच लक्षणे येतात. १०,००० फुटांच्या वर ती दिसल्यास भेद करत न बसता ऑक्सिजनन्यूनताच समजून ऑक्सिजन घ्यावा.

उपयुक्त शुद्धीचा काळ : योग्य कृती करता येण्याइतपत भान टिकते तो हा काळ. प्रचलित कोष्टकांनुसार तो १८,००० फुटांवर २० ते ३० मिनिटे, २५,००० वर ३ ते ५ मिनिटे, ३०,००० वर १ ते २ मिनिटे, ३५,००० वर ३० ते ६० सेकंद आणि ४०,००० वर १५ ते २० सेकंद असतो. ग्रंथागणिक आकडे थोडे बदलतात. ते मुख्यतः निरोगी व्यक्तींवरील दाबकक्ष-चाचण्यांतून आलेले असल्याने खालची मर्यादाच धरणे श्रेयस्कर. दाब एकदम गेल्यास हा काळ साधारण निम्मा होतो. धूम्रपान, श्रम व रक्तक्षय यांनीही तो घटतो. हळूहळू होणारी गळती जास्त फसवी असते, कारण तीत वैमानिकाला उलट हुरूप वाटू शकतो.

दाब का जातो : केबिनला हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून किंवा पिस्टन इंजिनाच्या टर्बोचार्जरमधून मिळते आणि निर्गम झडप ती मोजून बाहेर सोडते. ब्लीड एअरचे (कॉम्प्रेसरमधून काढलेल्या हवेचे) बटण बंद राहणे, अतितापामुळे हवापुरवठा आपोआप तुटणे, दाराचे फुगणारे सील फाटणे, टर्बोचार्जरची नळी सुटणे व घाणीने झडप अडकणे हे नेहमीचे दोष होत. २००५ मध्ये ग्रीसमध्ये कोसळलेले हेलिऑस कंपनीचे बोईंग ७३७ मोठे होते; पण दाबनियंत्रक ‘मॅन्युअल’वर राहण्याची चूक लहान विमानातही होऊ शकते. हेलिऑसच्या विमानात दाबाच्या इशाऱ्याचा भोंगा विमान उड्डाणासाठी नीट सज्ज नसल्याच्या भोंग्यासारखाच असल्याने गोंधळ वाढला.

प्रतिबंध : उड्डाणापूर्वी ऑक्सिजनच्या बाटलीचा दाब (भरलेल्या बाटलीत २१° से. ला बहुधा सुमारे १,८५० पौंड प्रति चौ. इंच), झडप खरोखर उघडी आहे की नाही, नळ्यांचे जोड, नियामक व मास्कमधील प्रवाह तपासावा. केवळ दाबमापक पाहून भागत नाही. मास्क लावून काही श्वास घ्यावेत, मास्कमधील मायक्रोफोनही चालवून पाहावा. दाढीमुळे मास्क नीट बसत नाही. तेलकट मलम ऑक्सिजनच्या सान्निध्यात पेट घेऊ शकते. १०,००० फूट ओलांडताना आणि त्यानंतर दर ५,००० फुटांवर केबिनची उंची (आतील दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका आहे ती उंची) व आतबाहेरचा दाबफरक वाचावा.

केबिन-उंचीचा इशारा (बहुधा १०,००० फुटांना) मिळताच क्रम ठरलेला असावा : मास्क, १०० टक्के ऑक्सिजन, मास्कमधील मायक्रोफोनकडे बदल, मग १०,००० फूट किंवा सुरक्षित किमान उंचीपर्यंत तातडीचे अवरोहण आणि ७७०० (नियंत्रकांना आणीबाणी कळवणारा) संकेत. बिघाडाचा शोध त्यानंतर. शुद्ध ऑक्सिजन ३४,००० फुटांवर समुद्रसपाटीइतके आणि ४०,००० फुटांवर साधारण १०,००० फुटांइतके रक्षण देतो; त्यापुढे दाबाने ऑक्सिजन देणारा मास्क लागतो. नाकातील नळी १८,००० फुटांपर्यंतच पुरते.

अमेरिकी नियमांत केबिनची उंची १२,५०० ते १४,००० फूट असताना ३० मिनिटांपलीकडे आणि १४,००० च्या वर सर्वकाळ चालकवर्गास ऑक्सिजन सक्तीचा आहे. ही मर्यादा उदार वाटते. रात्रीची दृष्टी ५,००० फुटांपासूनच मंदावते.

ठळक अपघात : २५ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑर्लँडोहून निघालेले लिअरजेट ३५ साउथ डकोटात कोसळले, दाब का गेला ते निश्चित झाले नाही. ४ सप्टेंबर २००० रोजी पर्थहून निघालेले किंग एअर २०० क्वीन्सलँडपर्यंत जाऊन पडले. त्यात ऐकू येणारा इशारा नव्हता, म्हणून तो बसवण्याचा आग्रह पुढे धरला गेला. ५ सप्टेंबर २०१४ रोजी टीबीएम ९०० या लहान टर्बोप्रॉप विमानाच्या वैमानिकाने २८,००० फुटांवरून १८,००० वर उतरण्याची परवानगी मागितली, पण आणीबाणी जाहीर केली नाही. विमान जमैकाजवळ समुद्रात पडले. याउलट २००८ मध्ये अमेरिकेत वैमानिकाची अडखळती वाणी ओळखून नियंत्रकांनी एका लिअरजेटला ११,००० फुटांवर उतरवले, आणि वैमानिक सावरला.

स्वयंचलित साहाय्य : केबिनची उंची धोक्याची झाली व वैमानिकाचा प्रतिसाद नसला, तर ठरावीक उंचीपर्यंत स्वतः अवरोहण करणारी प्रणाली काही नव्या विमानांत आहे. २०२० पासून आपोआप उतरवणारी सोयही प्रथम पायपर एम६०० मध्ये मान्य झाली. बोटावरील ऑक्सिमापक स्वस्त व उपयोगी आहे, मात्र थंड बोटांवर त्याचे वाचन उशिरा व चुकीचे येते.