इंडी बँड आणि जाहिरातीचा पैसा: पार्श्वभूमी

इंडी बँडने जाहिरातीला गाणं दिलं की 'विकले गेले' असा आरोप होतो. या वादातला घोळ 'इंडी' (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र) या शब्दापासूनच आहे. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या चार तरुणांनी उसन्या ५०० पौंडांत आपली रेकॉर्ड स्वतःच काढली. १९८० पासून ब्रिटनमध्ये अशा रेकॉर्डींची वेगळी क्रमवारी लागू लागली. तिचा निकष वितरणाचा होता: रेकॉर्ड दुकानापर्यंत पोचवणारी यंत्रणा बड्या रेकॉर्ड कंपन्यांची नको. संगीत कुठल्या धाटणीचं, बँडचे विचार काय, याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यामुळे ऐंशीचं दशक संपताना तिथे गुळगुळीत डान्स-पॉपही अव्वल येत होतं, आणि बड्या लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे, गेलेले गिटारवाले बाहेर होते. २००९ मध्ये नियम बदलला. लेबलची किमान निम्मी मालकी बड्या कंपन्यांबाहेरची असली की पुरे. पण इंडी म्हणजे पैशाला न भुलणारा, हा अर्थ तोवर श्रोत्यांच्या मनात घट्ट बसला होता. 'विकले गेले' हा आरोप याच अर्थातून येतो.

१९८७ मध्ये साठच्या दशकातलं एक गाजलेलं गाणं बुटांच्या जाहिरातीत वाजलं, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. त्या काळात बँडना जाहिरातीला नकार देणं परवडायचं, कारण रेकॉर्डी खपत होत्या. अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ मध्ये १४.६ अब्ज डॉलर होती. २०१४ मध्ये ती ७ अब्जांच्याही खाली आली.

या घसरणीच्या मध्यावर, २००७ मध्ये, शिकागोच्या एका बँडने नव्या अल्बममधली अनेक गाणी एका जर्मन मोटार कंपनीच्या जाहिरातींना दिली. चाहते खवळले. याच बँडचा अल्बम २००१ मध्ये बड्या लेबलने नाकारला होता, बँडने तो इंटरनेटवर फुकट ऐकवला होता, आणि मग त्याच उद्योगसमूहाच्या दुसऱ्या लेबलने तो विकत घेतला होता. पहिल्या अर्थाने हा बँड तेव्हा इंडी नव्हताच. दुसऱ्या अर्थाने मात्र आदर्श होता. रेडिओवर जागा मिळणं अवघड झालंय, लोकांपर्यंत पोचण्याची ही आणखी एक वाट, असं बँडने सांगितलं. मला ते पटतं. गायक चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, आणि ज्या रेडिओने त्यांना वाजवलं नाही तोही जाहिरातींवरच चालत होता.

जाहिरातीसाठी दोन परवानग्या लागतात: रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची. रचनेचे पैसे गीतकार-संगीतकाराला जातात. मास्टर बहुधा लेबलचं असतं. रचनेत नाव नसलेल्या ड्रमरच्या हाती लेबल देईल तेवढंच येतं. तीस वर्षं एकत्र वाजवलेल्या बँडमध्येही एकाचं घर जाहिरातीवर चालतं आणि दुसऱ्याला गुडघे दुखत असताना दौऱ्यावर निघावं लागतं. 'विकले गेले' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडला.

नकारही पुरेसा ठरत नाही. २०१२ मध्ये बाल्टिमोरच्या एका जोडीने मोटारीच्या जाहिरातीला नाही म्हटलं, आणि जाहिरातीत त्यांच्या गाण्याशी विलक्षण मिळतंजुळतं गाणं वाजलं.

गेल्या काही वर्षांत वाद गाण्यांवरून महोत्सवांच्या प्रायोजकांवर सरकला आहे. मार्च २०२४ मध्ये ऑस्टिनच्या महोत्सवातून अनेक बँड अमेरिकी लष्कराच्या प्रायोजकत्वामुळे बाहेर पडले, आणि जूनमध्ये ब्रिटनमधल्या काही महोत्सवांचं एका बँकेचं प्रायोजकत्व कलाकारांच्या बहिष्कारानंतर थांबलं.